कुडाआडचं बोलणं

आमचे बाबा नुसतं 'पाणी आण' म्हणाले तरी शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या पांगायच्या. रागावलेले नसायचे ते. भिवंडीतल्या एका मागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. पंधरा-सोळा वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर त्यांचे दोन्ही कान अर्धेअधिक गेले होते. आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं म्हणणं. वळ गावाच्या अलीकडे आमचं गाव होतं, तिथून ते रोज सायकलनं कारखान्यात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, छातीच्या केसांत कापसाचे बारीक तंतू चिकटलेले असायचे. हातपाय धुऊन ते ओटीवर बसले की सगळं घर आपोआप आवरतं व्हायचं. चुलीपुढं बसलेली आय भाकरी थापायचा वेग वाढवायची, मी दप्तर उघडायची, आणि माझी धाकटी बहीण कुंदा भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

आयचं बोलणं बाबांच्या अगदी उलट. तिचा आवाज बारीक, पण अखंड. भात निवडताना, सुकट भाजताना, वालाचं बिरडं सोलताना ती बोलत असे, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर तिच्याकडे तयार असे. बाबांना ऐकू येत नाही म्हणून घरातलं सगळं बोलणं तिनंच अंगावर घेतलं होतं. कोण आलं, काय हवं, पोरींचं काय चाललंय, हे तिनं सांगायचं आणि बाबांनी मान हलवायची. आम्हा दोघींना भूक लागली, थंडी वाजली, पोट दुखलं, तर ते आम्हाला कळायच्या आधी आयला कळे. त्या वेळी मला ते मायेचं वाटायचं. मायाच होती ती. पुढं मी पंचवीस-तीस वर्षं अंगणवाडीत काम केलं, तेव्हा रोज सकाळी एखादी तरी आई पोराला सोडायला यायची. मी पोराला विचारायची, 'नाव काय रे तुझं?' आणि आईच सांगून मोकळी व्हायची. पोर माझ्याकडे बघत उभं राहायचं. अशा वेळी मी त्या आयांना हळूच म्हणायची, 'बाई, त्याला सांगू दे, आपल्याला घाई नाही.' काहींना राग यायचा. मला मात्र प्रत्येक वेळी चुलीपुढची आमची आय दिसायची.

कुंदा अडखळत बोलायची. बोबडी नव्हती ती, शब्द सगळे तिच्याकडे होते, पण काही अक्षरांपाशी तिचं तोंड अडून बसायचं. ब, प, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे क. तिचं स्वतःचं नावच क वरून. ओठ उघडे, मान ताठ, डोळे मोठे, आणि घशातून नुसतं 'क्... क्... क्...' यायचं. घरात कुणी नसलं, आम्ही दोघीच पेंढ्यात खेळत असलो, की ती बऱ्यापैकी बोलायची. कोंबडीच्या पिलांशी तर एकदाही न अडता. पण बाबा ओटीवर बसले की तिच्या घशाला कडी लागायची.

आणि बाबा रोज पाढे म्हणून घ्यायचे. त्यांना स्वतःला चौथीतून शाळा सोडावी लागली होती आणि त्यांच्या पोरींनी शिकावं अशी त्यांची खरी तळमळ होती. त्या काळात आमच्या गावात पोरींच्या पाढ्यांसाठी इतका जीव टाकणारा बाप दुसरा नव्हता. मी घडाघडा म्हणून दाखवायची. मग कुंदाची पाळी.

"म्हन, बे एके बे."

कुंदा मान खाली घालायची.

"वर बघ! वर बघून बोल! मोठ्यानं!"

"ब्... ब्... ब्..."

"ही बे एके बे म्हनते, बे दुने चार म्हनते," चुलीपुढून आय म्हणायची, "येतंय तिला सगलं. द्या आता सोडून, भाकर झाली."

बाबांना यातलं निम्मंच ऐकू जायचं. त्यांना वाटे, पोर मुद्दाम तोंड उघडत नाही. मग पट्टी. फार जोरात नाही, तळहातावर एक किंवा दोन. कुंदा रडायची नाही. हात मागं घेऊन फ्रॉकला पुसायची, जणू काही ओलं लागलं होतं. मग आय तिला मांडीवर घेऊन तोंडात घास घालायची आणि म्हणायची, "माज्या सोन्याला न्हाय बोलायचं तर न्हाय बोलनार ती, मी हाय ना." कुंदा घास चावत राहायची.

हे प्रकरण लिहायच्या आधी मी कुंदाला विचारलं, लिहू का म्हणून. ती साठीच्या पुढं आहे आता. फोनवर बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाली, "लिही. पण नाव ब्-बदलू नकोस माझं." म्हणून तिचं नाव तेच ठेवलं आहे. बाकीची बहुतेक माणसं आता नाहीत, त्यांना कुणी विचारायचं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला बाबा आम्हा दोघींना कारखान्यात घेऊन गेले. दसऱ्याला मागांची पूजा असे आणि कामगार आपापली पोरंबाळं घेऊन यायचे. मी अकरा वर्षांची होते, कुंदा सातची. आयनं तिला नवा फ्रॉक घातला होता, पिवळा, आणि माझ्या वेणीत झेंडूचं फूल खोवलं होतं. मी पहिल्यांदाच आत गेले. लांबच लांब पत्र्याची शेड, आणि दोन्ही बाजूंना माग उभे. प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर हळदकुंकू. एरवी रस्त्यावरूनही ज्यांचा आवाज छातीत धडधडायचा ते सगळे त्या दिवशी गप्प होते. बाबा आम्हाला एकेक माग दाखवत चालले होते. हा हट्टी हाय, ह्याचा धोटा उडतो, ह्याला जपून हात लावावा लागतो. बोलता बोलता ते मागाच्या लोखंडावरून असा हात फिरवत होते की मला जरा हेवाच वाटला. एखादा माग अडला तर बाबा त्याच्यापाशी चार-चार तास उकिडवे बसायचे, एकदाही न चिडता. हे मला त्यांच्या सोबत्यांकडूनच कळलं.

पूजा झाली. शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन पोरांना वाटत आले. भला माणूस होता. प्रत्येक पोराला नाव विचारून हातावर पेढा ठेवत होता. मला विचारलं, मी सांगितलं, शकुंतला. मग तो कुंदापुढं वाकला.

"और तुम्हारा नाम क्या है, बेटी?"

कुंदानं तोंड उघडलं. "क्..." तिची मान ताठ झाली. "क्... क्... क्..."

एरवी त्या शेडमध्ये माणूस मेला तरी दुसऱ्याला ऐकू गेलं नसतं. पण त्या दिवशी माग बंद होते. तिचा प्रत्येक क् पत्र्याला लागून परत येत होता. पन्नास-साठ माणसं थांबून ऐकत होती. शेठचा हात पेढ्यासकट तसाच हवेत. आणि मागं उभा असलेला एक कारागीर, तरुण पोरगाच होता, हसून म्हणाला, "अरे जॉबर, ये तो अटक गई! इसको भी ठीक कर दो!"

सगळे हसले. दुष्टपणानं नाही, सणाच्या दिवशी माणसं हसतात तशी. आणि मीही हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला हसू आलं होतं असंही नाही. सगळ्यांच्या बाजूला उभं राहिलं म्हणजे मी तिची बहीण दिसणार नाही, एवढंच काहीतरी मनात होतं. कुंदानं माझ्याकडं पाहिलं. त्याच क्षणी बाबांचा हात वरून आला आणि तिच्या गालावर बसला. पट्टी नव्हे, हात. पान्हे धरणारा, लोखंड पिळणारा हात. ती खाली बसली, पडली नाही, बसली. शेठ म्हणाले, "अरे, अरे, क्या करते हो!" बाबांनी कुणाकडे न बघता तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि बाहेर सायकलपाशी आणलं. मी मागं कॅरिअरवर, कुंदा पुढं नळीवर. तिच्या फ्रॉकवर पेढ्याचा चुरा होता. शेठनं तो शेवटी तिच्या हातात कोंबला असावा.

त्या दिवसापासून कुंदा बोलायची थांबली.

आधी दोन-तीन दिवस आम्हाला कळलंच नाही, कारण तिच्या वाटचं आयच बोलत होती. मग माझ्या ध्यानात आलं की ती पेंढ्यातही बोलत नाही. कोंबडीच्या पिलांशीही नाही. मी गुदगुल्या केल्या तर ती हसायची, पण तोंड मिटून, नाकातून. शाळेत गुरुजींनी हजेरी घेतली की हात वर करायची, पुढं पुढं तोही करेना. भाताची कापणी आली, झोडणी झाली, अंगणात पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहिल्या, आणि आमच्या घरात ती पायात पाय घालून चालणाऱ्या मांजरासारखी वावरत होती. अंथरूण ओलं करायला लागली. कानामागचे केस एकेक करून उपटायची, तिथं रुपयाएवढी जागा मोकळी झाली. आयनं दृष्ट काढली, अंगारा लावला. बाबांनी एकदा पडघ्याच्या बाजारातून जिलबी आणली, तिच्यापुढं धरली आणि आपल्या परीनं हळू आवाजात म्हणाले, "बोल, मग देतो." त्यांचा हळू आवाजही शेजारी ऐकू गेला. कुंदानं जिलबीकडं बघितलं, बाबांकडं बघितलं आणि आत निघून गेली. बाबा ती जिलबी हातात घेऊन बसून राहिले. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

आयनं एक दिवस तोंड सोडलं. मी मागच्या दारी भांडी घासत होते. "तुमच्या हातानं मुकी झाली माजी पोर," ती म्हणाली. आणि बाबांना ऐकू जावं म्हणून तिनं ते पुन्हा म्हटलं, ओरडून. असं ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"माज्या हातानं?" बाबा म्हणाले. "आन तू? तू कवा बोलू दिलंस तिला? ती तोंड उघडते तवर तुजं बोलून होतं. तिच्या वाट्याला काय ठेवलंस तू?"

मी राखेचा हात तसाच धरून उभी होते. आज इतकी वर्षं झाली, इतक्या घरांतली पोरं हाताखालून गेली, आणि मला अजून वाटतं की त्या दिवशी दोघंही खरं बोलले. पण दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं. आपापल्याशी म्हटलं असतं तर कदाचित निराळं काही झालं असतं.

थंडीत मावशी आली. आयची थोरली बहीण, पडघ्याच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला तिचं गाव. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी बेबी, कुंदाएवढीच. मावशी कमी बोलणारी बाई. आयच्या अगदी उलट, जणू दोघींच्या वाटणीत सगळं बोलणं एकीलाच गेलं होतं. ती दोन दिवस राहिली. कुंदाला तिनं एकही प्रश्न विचारला नाही. भाकरी थापताना एक गोळा तिच्या हातात ठेवला, बस्स. तिसऱ्या दिवशी निघताना म्हणाली, "कुंदीला नेते चार दिस." आय म्हणाली, "तिला न्हाय करमनार माज्याबिगर, ती तर..." तेवढ्यात कुंदानं स्वतःच जाऊन दारातली मावशीची पिशवी उचलली. आयचं वाक्य अर्ध्यात राहिलं. माझ्या आठवणीत ते पहिलंच.

चाराचे पंधरा दिवस झाले. मग मावशीच्या गावचा एक भाजीवाला भिवंडीच्या बाजारात बाबांना भेटला आणि म्हणाला, तुमची पोर बोलते हो, काल माझ्या बैलाला शिव्या देत होती. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आय चुलीपुढं रडायला लागली. बाबांना मात्र खरं वाटेना. सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यांनी सायकल काढली, मला म्हणाले, "शके, चल." आयनं तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजलेले बोंबील फडक्यात बांधून दिले. पडघ्याला त्यांनी शेवेचा पुडा घेतला. चढावर ते खाली उतरून सायकल ढकलायचे आणि मी मागून हात लावायची. त्या रस्त्याला आता दोन्ही अंगांनी गोदामं झाली आहेत, कंटेनरच्या रांगा लागतात. तेव्हा वालाची शेतं होती आणि सगळीकडं वालाच्या फुलांचा वास.

मावशीच्या घराजवळ आलो आणि मला कुंदाचं बोलणं ऐकू आलं. मी सायकलवरून उडीच मारली. "बाबा, बोलतेय!" बाबांनी मला गप्प राहायची खूण केली. सायकल आंब्याला टेकवली. अंगणाच्या कडेला गोठा होता, कारवीच्या काड्या विणलेल्या कुडाचा, सारवण जागोजाग गळून पडलेलं. आम्ही दोघं त्या कुडाच्या मागं उभे राहिलो. फटींतून पलीकडचं अंगण दिसत होतं. कुंदा आणि बेबी घर-घर खेळत होत्या. तीन दगडांची चूल, करवंटीत माती शिजत होती.

बाबा खाली बसले आणि त्यांनी आपला कान माझ्या तोंडापाशी आणला. मी त्यांच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते. मशीनच्या तेलाचा वास, बिडीचा वास. कानाच्या पाळीवर एक पांढरा तंतू राहिलेला. "काय म्हनते?" त्यांनी विचारलं. त्यांचा श्वास चढला होता.

मी बघितलं. कुंदानं मावशीच्या नवऱ्याचं जुनं धोतर कमरेला गुंडाळलं होतं आणि काखेत एक काठी धरली होती. बेबी खाली मान घालून उभी होती. कुंदा ओरडत होती, "वर बघ! वर बघून बोल! मोठ्यानं! आवाज फुटत न्हाय काय तुजा?" एकाही अक्षरावर ती अडत नव्हती. ब वर नाही, क वर नाही. "हात पुढं कर! कर म्हनते ना!" बेबीनं हात पुढं केला. मग कुंदानं काठी टाकली, धावत जाऊन चुलीपुढं बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "येतंय तिला सगलं, मी सांगते ना, मी सांगते." मग पुन्हा उठली, काठी घेतली. दोघांची कामं ती एकटी करत होती. बेबीला बोलायचं काही कामच नव्हतं.

"काय म्हनते, शके? सांग ना."

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि म्हटलं, "ती म्हनते, बाबा आले कामावरून, त्यांना पानी द्या. दमले असतील."

बाबा फटीला डोळा लावून बसले होते. ते तसेच राहिले. मग म्हणाले, "अजून?"

"म्हनते, बाबांना भाकर वाढा. आज बोंबील हाय."

"अजून?"

मी सांगत गेले. पलीकडं काठी खाली येत होती आणि मी बापाच्या कानात गोड गोड काय काय घालत होते. माझी बोलायची सवय तिथं पक्की झाली असं मला वाटतं. ज्याला जे ऐकायचंय ते त्याला द्यायचं. कुंदाचं दुखणं सगळ्यांना दिसलं. मी बोलकी होते, पाढे म्हणत होते, माझं काही दुखत असेल असं कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. पण पुढं सगळा जन्म मी त्या कुडाआडच्या पोरीसारखी वागले. नवऱ्याशी, सासूशी, स्वतःच्या मुलाशी. माझा मुलगा एकदा रागानं म्हणाला होता, 'आई, तू खरं कधी बोलतेस?'

बाबा उठले आणि कुडाला वळसा घालून अंगणात गेले. कुंदानं त्यांना पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, ते मिटलं. दार लावावं तसं. धोतर सोडून तिनं घडी घातली, काठी गोठ्याला टेकवली, आत गेली आणि तांब्या भरून पाणी आणून बाबांपुढं ठेवलं. बाबा पाणी प्यायले. शेवेचा पुडा त्यांनी तिच्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. आम्ही दोन तास तिथं होतो. त्या दोन तासांत ती एक शब्दही बोलली नाही.

परतताना पडघ्याच्या उतारावर बाबांनी मध्येच सायकल थांबवली. मी उतरले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. "शके," ते म्हणाले, "तिला हितंच राहू दे. आयला मी सांगतो."

मी विचारलं नाही, का. मला वाटलं, इतक्या गोड गोष्टी ऐकून त्यांनी असं का म्हणावं? पण पोर त्यांच्यापुढं गप्प झाली हे तर त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तेवढं कारण मला पुरलं.

खरं कारण मला कळलं ते सात-आठ वर्षांनी. आय तापानं पडली होती आणि मी बाबांचा डबा घेऊन कारखान्यात गेले. माग चालू होते. आवाज इतका की दात वाजत होते. बाबा शेडच्या एका टोकाला होते, दुसऱ्या टोकाला एक म्हातारा कारागीर. त्या कारागिरानं नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नसावा. आणि बाबा हसले, त्यांनीही ओठ हलवून काही उत्तर दिलं, मग तो हसला. बाहेर चहाच्या टपरीवर मी त्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "यहाँ कान का क्या काम, बेटी? सब होंठ पढ़ते हैं. और तेरे बाप जैसा कोई नहीं पढ़ता. इतनी दूर से गाली दो तो भी पकड़ लेता है."

डबा माझ्या हातात तसाच राहिला. म्हणजे पाढे म्हणताना ते 'वर बघ' ओरडायचे, ते तिचे ओठ दिसावेत म्हणून. आणि कुडाच्या फटीतून त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येत होतं. काठी घेतलेल्या आपल्या पोरीचा शब्दन् शब्द त्यांनी वाचला होता, आणि तरी मला विचारत होते, 'अजून?' मी काय सांगते ते त्यांना ऐकायचं होतं. की मला खोटं बोलताना अडवायचं नव्हतं? मी कधी विचारलं नाही. आम्ही दोघांनी ते तसंच ठेवलं, ते जाईपर्यंत.

कुंदा मावशीकडेच वाढली. सणाला यायची, दोन दिवस राहायची, आयच्या हाताचं खायची, परत जायची. ती बोलायला लागली होती, अडखळत का होईना, पण आमच्या उंबऱ्याच्या आत फार थोडं. बाबांनी पुन्हा कधी पट्टी हातात घेतली नाही. पाढे बंद झाले. ते तिच्याशी बोलतच नसत, आपला आवाज तिला लागेल या भीतीनं असावं, आणि तिला वाटे बाबांचा राग अजून गेला नाही. आय मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहायची, कुंदाला हे आवडतं, कुंदा असं म्हणते. पोर घरात नसतानाही ती तिच्या वाटचं बोलायची. कुंदाला बघायला पाहुणे आले तेव्हा मावशीनं आयला बजावून आत बसवलं. पाहुण्यांनी नाव विचारलं. कुंदा थांबली. "क्... क्..." मी आत आयशेजारी होते. आयनं पदराचा बोळा करून तोंडात घातला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेर मुलगा काही न बोलता थांबून राहिला. बऱ्याच वेळानं ऐकू आलं, "कुंदा." आयनं पदर काढला तेव्हा त्यावर दातांचे वण होते. तो मुलगा माझा मेहुणा झाला. अजून दोघं मिळून भाजी पिकवतात. कुंदा पडघ्याच्या बाजारात बसते. भाव सांगताना अडली तर गिऱ्हाईक थांबतं. न थांबणाऱ्याला ती भाजी देत नाही.

आय आधी गेली. बाबांचं शेवटचं वर्ष माझ्याकडं निघालं. कान पुरते गेले होते आणि साखरेच्या दुखण्यानं डोळेही. कोण आलं ते आम्ही त्यांच्या तळहातावर बोटानं लिहून सांगायचो. अखेरच्या आठवड्यात कुंदाला कळवलं. ती सकाळच्या जीपनं आली, हातपाय धुतले, बाबांच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. तिनं त्यांचा हात घेऊन तळव्यावर आपलं नाव लिहिलं. बाबांची मान किंचित वळली. आणि मग ती बोलायला लागली.

मी दारात चहा घेऊन उभी होते. ती बोलतच होती. बाजारातलं, जावेचं, नातवाचं, मुलाला मानकोलीच्या गोदामात काम लागलं त्याचं, एका वांग्याच्या वाफ्यावर रोग पडला त्याचं. अडत होती, क वर, ब वर, प वर, थांबत होती आणि पुन्हा सुरू करत होती, कसलीच घाई नसल्यासारखी. बाबांना ना ऐकू येत होतं, ना तिचे ओठ दिसत होते. त्यांनी तिची बोटं घट्ट धरून ठेवली होती. ती चार दिवस राहिली आणि चारही दिवस त्यांच्याशी बोलली. त्यापूर्वीच्या सगळ्या आयुष्यात मिळून बोलली नसेल एवढं. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले.

दिवस होऊन माणसं पांगल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. मी तिला म्हटलं, "कुंदे, त्यांना काही ऐकू येत नव्हतं गं. दिसतही नव्हतं. तुला म्हाईत होतं ना?"

"होतं."

"मग इतकं बोललीस?"

ती थांबली. मी काही बोलले नाही, वाट बघितली.

"म्हणूनच," ती म्हणाली. मग चहाचे दोन्ही कप उचलून ती विसळायला मोरीकडे गेली.